औजार घरचं, माप जगाचं

मे-जूनमध्ये जबलपूरवर वळवाची वादळं येतात आणि रस्त्याकडेचे जुने कडुनिंब, गुलमोहर, निलगिरी आडवे होतात. एखादं झाड विजेच्या तारांवर पडतं, एखादं भिंतीवर. अशा वेळी शहर चेन सॉची वाट पाहत असतं. हे यंत्र आता नगर निगम, वीज कंपनी, वन विभाग, छावणी यांच्याकडेच राहिलेलं नाही. कुंडम, मंडला, दिंडोरीकडचे शेतकरी आणि लाकडाचे छोटे ठेकेदारही ते बाळगतात. यंत्रं वाढली तशी दुरुस्ती वाढली आणि दुरुस्ती करणाऱ्यापुढचा एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकात जवळजवळ प्रत्येक कामासाठी खास औजार सांगितलेलं असतं. ते हाताशी नसेल तर स्वतः बनवावं का?

याबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. मी ती इथे दोघांच्या तोंडी घातली आहेत. मामा म्हणजे जबलपूरच्या एका आयुध कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले फिटर. भाची म्हणजे नागपूरला यंत्रदुरुस्तीचं प्रशिक्षण देणारी मेकॅनिकल इंजिनियर. माणसं कल्पित आहेत. ज्या औजारांवरून ती वाद घालतात, ती मात्र रोजच्या वापरातली आहेत.

मामा : क्लचपासून सुरू करू, कारण नवा माणूस पहिल्यांदा तिथेच अडतो. चेन सॉचा क्लच क्रँकशाफ्टवर आट्यांनी बसवलेला असतो आणि बहुतेक यंत्रांत ते आटे डावे असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. पण पाना लावून जोर दिला की आख्खा क्रँकशाफ्टच फिरायला लागतो. त्याला थांबवायचं तर पिस्टन अडवावा लागतो. कंपनी त्यासाठी प्लगच्या भोकात बसणारं औजार देते. मी प्लग काढतो, पिस्टन वर येताना एक्झॉस्टचं भोक झाकून पुढे गेला आहे हे पाहतो आणि प्लगच्या भोकातून स्टार्टरच्या जुन्या दोरीचा तुकडा आत सारतो. पिस्टन आणि सिलिंडरचा माथा यांच्यामध्ये दोरी दबते, पिस्टन थांबतो, क्लच सुटतो. एक पैसा खर्च नाही.

भाची : दोरीला माझी हरकत नाही, मामा. ती मऊ आहे, दाब पसरवते. पण एक्झॉस्टचं भोक झाकलं गेलंय का, हे पाहून दोरी सारणारे किती जण असतात? पिस्टन खाली असताना दोरी टाकली की तिचा पदर एक्झॉस्टच्या भोकात उतरतो आणि पिस्टन वर येताना तिथेच चेंगरतो. रिंगला इजा होते, दोरीचे धागे आत राहतात. दुसरा प्रकार तर याहून वाईट. जुन्या प्लगमधली चिनीमाती फोडायची, त्याच्या लोखंडी कवचात बोल्ट बसवायचा आणि ते पिस्टन अडवायला वापरायचं. त्यावर कुणी इंपॅक्ट गन चालवली की बोल्टचं टोक ॲल्युमिनियमच्या पिस्टनमध्ये रुततं. क्लच निघतो आणि पिस्टन जातो.

मामा : हा अडाणीपणाचा दोष झाला, घरच्या औजाराचा नाही. कंपनीचं औजारही पिस्टन पाहिल्याशिवाय आत घातलं तर नुकसानच करेल.

भाची : थोडं कमी करेल. कंपनीच्या औजाराची लांबी, त्याचं प्लॅस्टिक, त्याचा आकार या सगळ्यात आधीच्या कुणाच्या तरी चुकीचा उपाय साठवलेला असतो. पिस्टन फुटू नये म्हणूनच ते प्लॅस्टिकचं केलंय. वापरणाऱ्याला ते कारण माहीत नसलं तरी औजार त्याला सांभाळून घेतं. घरच्या औजाराला सांभाळायचं काम माणसालाच करावं लागतं.

मामा : हा मुद्दा खरा. पण तो दुसऱ्या बाजूनेही बघ. औजारच सांभाळून घेतंय म्हटल्यावर माणूस शिकत नाही. दोन पिनांचा क्लच असतो, त्याचा पाना मी जुन्या सॉकेटपासून केला. दोन भोकांमधलं अंतर मोजलं, सॉकेटच्या तोंडावर तेवढ्याच अंतरावर दोन पिना बसवल्या, वेल्ड केल्या. हे करताना कळलं, की सगळा जोर त्या दोन पिनांच्या मुळाशी येतो. पिना लांब ठेवल्या तर वाकतात, म्हणून आखूड हव्यात. तेव्हापासून कुठल्याही पान्याकडे मी जोर कुठे जातो याच नजरेने बघतो. विकतच्या पान्याने मला हे शिकवलं नसतं.

भाची : तुम्ही टूलरूमचे आहात. तुम्हाला मोजायची सवय होती म्हणून शिकलात. माझ्याकडे येतात त्यांतले बहुतेक जण अंदाजाने करतात. क्रँककेसचंच घ्या. बऱ्याच यंत्रांत ती मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते, हलकी आणि ठिसूळ. तिचे दोन भाग वेगळे करायला लोक फटीत पेचकस घालतात आणि हातोडीने ठोकतात. फटीच्या काठावर ओरखडा येतो, तिथून हवा आत शिरते. बाहेरची हवा शिरली की पेट्रोलचं प्रमाण घटतं, सोबतचं तेलही घटतं, इंजिन तापतं आणि पिस्टन घासून जाम होतो. पेचकसाचा तो एक फटका दुरुस्तीच्या खर्चात मालकाला कितीतरी महाग पडतो.

मामा : पेचकस हे औजार नसल्याचं लक्षण आहे. घरी औजार करा असं मी म्हणतो ते याच कामासाठी. दहा मिलिमीटरची लोखंडी पट्टी घे. क्रँककेसच्या स्क्रूंची जी भोकं आहेत, तेवढ्या अंतरावर पट्टीला भोकं पाड. मधोमध आटे पाडून एक जाड बोल्ट घाल. पट्टी केसवर स्क्रूने आवळ आणि मधला बोल्ट हळूहळू फिरव. तो क्रँकशाफ्टचं टोक सरळ ढकलतो, केस सगळीकडून सारखी उचलली जाते. कुठे ओरखडा नाही, कुठे ठोकणं नाही. फ्लायव्हीलचा पुलरही असाच. एवढीच काळजी घ्यायची, की शाफ्टच्या टोकाला नट सपाट बसवून ठेवायचा, म्हणजे आटे चेंगरत नाहीत.

भाची : हे औजार मला मान्य आहे. पण आजकाल असे पुलर ऑनलाइन थोड्या पैशांत मिळतात. एक दिवस घालवून पट्टी घासण्यापेक्षा ते मागवलेलं काय वाईट? मिस्त्रीचा दिवसही पैशातच मोजला जातो.

मामा : मागवावं, जरूर मागवावं. पण वादळाच्या आठवड्यात यंत्र बंद पडलं तर पार्सल कधी पोचणार? आणि स्वस्तात मिळतं ते मऊ लोखंड असतं, दोन वापरांत आटे बसतात. ट्रकच्या जुन्या पाट्याचं स्प्रिंग स्टील त्याहून चांगलं आणि जबलपूरच्या भंगारात ते हवं तेवढं मिळतं. या शहराला औजार बनवण्याची सवय आहे. १९०४ मध्ये इथे गन कॅरेज फॅक्टरी आली. दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा कारखाना उभा राहिला. १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी सुरू झाली, तिथून शक्तिमान ट्रक बाहेर पडले. या सगळ्या कारखान्यांच्या पोटात टूलरूम होती. गाडीचा किंवा तोफेचा भाग बनण्याआधी तो धरायचा जिग, तो बसवायचा फिक्स्चर, तो तपासायचा गेज आम्ही बनवायचो. त्याच्याही फार आधी, मैकल डोंगरातले अगरिया लोक मातीच्या भट्टीत लोखंड काढायचे. व्हेरियर एल्विन यांनी त्यांच्यावर १९४२ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलंय. पायाने चालवायचा भाता, भट्टी, सगळं त्यांचं स्वतःचं. ज्याला काम करायचं त्याने कामाचं साधन करायचं, हे या मुलखाला नवीन नाही.

भाची : मामा, तुमच्याच टूलरूमचा दाखला मी उलटा वापरते. तिथे तुम्ही केलेला जिग त्याच दिवशी कामाला लागत होता का?

मामा : नाही. आधी इन्स्पेक्शन. गेज असेल तर मास्टर गेजशी ताडून पाहायचा. गो आणि नो-गो, दोन्ही टोकं. एक टोक आत गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. पास झालं की त्यावर नंबर पडायचा. ठरलेल्या मुदतीने पुन्हा तपासणी व्हायची. झिजलं की बाद.

भाची : मग घरच्या औजाराचा इन्स्पेक्टर कोण? माझा आक्षेप नेमका इथे आहे. तुमच्या कारखान्यातलं औजारही हातानेच बनलेलं होतं, पण त्याला दुसऱ्या कुणीतरी पास केलेलं होतं. मिस्त्री घरी औजार करतो, तेव्हा करणारा तोच, पास करणाराही तोच.

मामा : हा प्रश्न तू अगदी बरोबर जागी विचारलास. त्याचं उत्तर एका औजारानेच देतो. मघाशी तू बाहेरच्या हवेबद्दल बोललीस. ती कुठून शिरते हे शोधायला कंपनीचा प्रेशर टेस्टर असतो, महाग. मी ब्लड प्रेशरच्या जुन्या उपकरणाचा रबरी फुगा आणि गोल डायल घेतली. मफलर आणि सिलिंडर यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचं रबर घालून एक्झॉस्ट बंद केला. कार्बोरेटर काढून तिकडचं तोंडही तसंच बंद केलं. जुन्या प्लगच्या कवचात पितळी नळी बसवून ती प्लगच्या भोकात आवळली आणि तिला फुगा जोडला. पिस्टन खाली ठेवायचा, म्हणजे सिलिंडर आणि क्रँककेस आतून जोडलेले राहतात आणि दोन्ही एकदम तपासले जातात. फुगा दाबून हवा भरायची आणि डायलचा काटा बघायचा. काटा उतरायला लागला की साबणाचं पाणी लावायचं. जिथे बुडबुडा, तिथे गळती. कधी ऑइल सील, कधी सिलिंडरखालचं गॅस्केट.

भाची : हे औजार मी पाहिलंय आणि मला ते आवडतंही. पण ते कुठे तोकडं पडतं हेही सांगायला हवं. ब्लड प्रेशरची डायल ३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत जाते, म्हणजे ०.४ बार. क्रँककेसच्या तपासणीला साधारण ०.५ बार मागतात. थोडं कमी पडलं तरी मोठी गळती सापडते, हे मान्य. कार्बोरेटरची सुई मात्र ०.८ बारला टिकते का ते पाहायचं असतं. तिथे तुमची डायल पुरणार नाही, उलट खराब होईल. शिवाय दाबाने तपासून भागत नाही. ऑइल सीलची ओठासारखी कड आतल्या दाबाने शाफ्टवर आणखी घट्ट बसते, म्हणून फाटलेली सीलही कधीकधी पास होते. इंजिन चालताना मात्र क्रँककेसमध्ये दर फेरीला हवा ओढली जाते. त्या ओढीत तीच कड सुटते. म्हणून दाब आणि ओढ, दोन्ही तपासण्या लागतात.

मामा : ओढीसाठी सायकलचा हातपंप आहे. आतला चामड्याचा वॉशर उलटा बसवला आणि झडपेची दिशा बदलली की तोच पंप हवा भरण्याऐवजी ओढू लागतो. त्याच्यासाठी व्हॅक्युमची डायल मात्र विकत घेतो. ब्लड प्रेशरची डायल त्या कामाला लावायची नाही. कार्बोरेटरसाठीही वेगळी डायल. तू म्हणतेस त्या मर्यादा मला मान्य आहेत. आता तुझ्या इन्स्पेक्टरकडे येतो. भंगारातून आणलेली डायल खरं बोलते हे मला कसं कळलं? गवंडी लेव्हल बघायला पारदर्शक नळी वापरतात ना, तीच घेतली. इंग्रजी यू अक्षरासारखी भिंतीवर लावली, अर्ध्यापर्यंत पाणी भरलं. एका तोंडाला फुगा आणि डायल जोडली, दुसरं तोंड उघडं. फुगा दाबला की एका बाजूचं पाणी उतरतं, दुसऱ्या बाजूचं चढतं. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड. म्हणजे पाण्याच्या दोन पातळ्यांत १ मीटर फरक पडला की डायलवर ७३–७४ दिसायला हवेत. २ मीटरला १४७. तेवढे दिसले तर डायल खरी. कमी-जास्त दिसले तर किती फरक आहे ते कागदावर लिहून डायलच्या पाठीमागे चिकटवायचं.

भाची : हे मला माहीत नव्हतं. म्हणजे नळी माहीत होती, पण कुणी घरी डायल तपासायला वापरत असेल असं वाटलं नव्हतं.

मामा : पाण्याला कंपनी नाही आणि मिस्त्रीचा शब्दही ते पाळत नाही. औजार मी केलं, पण पास पाण्याने केलं.

भाची : मग माझ्या आक्षेपाचा अर्धा भाग मी मागे घेते. घरी केलेलं औजार बाहेरच्या मापाला ताडून पाहिलं असेल, तर मी त्याला अंदाजी म्हणणार नाही. आता उरलेला अर्धा भाग. इग्निशन कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यामध्ये ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट ठेवायची असते. लोक तिथे व्हिजिटिंग कार्ड घालतात. कार्डाची जाडी कोण मोजतं?

मामा : मी मोजतो, मायक्रोमीटरने. कार्डं जाड-बारीक असतात. शीतपेयाच्या बाटलीचं प्लॅस्टिक जास्त एकसारखं मिळतं. त्यातली ०.२५ ची पट्टी सापडली की कापून तिच्यावर जाडी लिहून ठेवायची. प्लॅस्टिकला फ्लायव्हीलचं चुंबक ओढत नाही, हाही फायदा. पण तुझं बरोबर आहे. ज्याच्याकडे मायक्रोमीटर नाही, त्याने मोजमापाचं औजार घरी करू नये. पट्टीचा गेज विकत आणावा.

भाची : साखळीवरही तेच. दातांपुढे जी बुटकी चोच असते, ती दात लाकडात किती खोल शिरणार हे ठरवते. नेहमीच्या साखळीत ती दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवी. मिस्त्री ती डोळ्याने घासतात. जास्त घासली की दात लाकडात अडकतो, आणि साखळी ज्यावर फिरते त्या पट्ट्याचं टोक लाकडाला लागलं तर यंत्र उसळून माणसाच्या अंगावर येतं. साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने पळत असते. तिथे अंदाज चालत नाही. चोचीची उंची मोजणारी कंपनीची छोटी पट्टी घ्यावी. ती स्वस्तच असते.

मामा : मान्य. धार काढायला मात्र लाकडाचा ठोकळा घरी करता येतो. ठोकळ्यात करवतीने खाच पाडायची, पट्टा त्यात घट्ट बसतो, साखळी हलत नाही. वरच्या बाजूला ३० अंशाची रेघ ओढायची आणि कानस त्या रेघेला समांतर चालवायची. कानसही साखळीप्रमाणे हवी, कुणाला ४ मिलिमीटरची, कुणाला ४.८, कुणाला ५.२ ची. हात फिरत राहतो, रेघ त्याला सरळ ठेवते.

भाची : आता मला सगळ्यात जास्त भीती वाटते त्या गोष्टीवर येते, स्टीलवर. जुनी कानस घासून तिची छिन्नी किंवा पंच करणं ही आपल्याकडची आवडती सवय. कानसेचं स्टील कडक असतं आणि कडक म्हणजे ठिसूळ. त्यावर हातोडा पडला की कपचा उडतो. तो कुठे जाईल सांगता येत नाही. डोळ्यात गेला तर सगळ्या दुरुस्त्या संपल्या.

मामा : याबाबत मी तुझ्याहून कडक आहे. कानस आहे तशी ठोकायची नाही, उचकटायलाही घ्यायची नाही. आधी ती नरम करायची. भट्टीत लाल होईपर्यंत तापवायची, चुंबक चिकटायचं थांबलं की तापमान पुरेसं झालं. मग राखेत पुरून रात्रभर हळू थंड होऊ द्यायची. आता ती घासता येते, आकार देता येतो. आकार झाला की पुन्हा तशीच तापवून तेलात बुडवायची, म्हणजे तिला पाणी चढतं. त्याच क्षणी ती सगळ्यात धोकादायक असते, काचेसारखी फुटते. म्हणून लगेच टेम्पर करायचं. घासून चकचकीत करायची आणि मंद आचेवर रंग बघायचा. आधी गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. कापायचं टोक पिवळ्या-तपकिरीवर थांबवायचं, मार खाणाऱ्याला निळ्यापर्यंत जाऊ द्यायचं. जिथे हातोडा पडणार ते डोकं मऊच ठेवायचं. हे करायची तयारी नसेल तर बाजारातून पंच आणावा.

भाची : आणि चष्मा?

मामा : घासताना, ठोकताना, प्लगची चिनीमाती फोडताना, कायम. आणखी एक गोष्ट शिकवणाऱ्यांनी सांगायला हवी. मॅग्नेशियमची केस ग्राइंडरवर घासायची नाही. तिचा कीस पेट घेतो आणि त्यावर पाणी टाकलं की आग भडकते. जवळ कोरडी वाळू ठेवायची.

भाची : तुम्ही इतकं मान्य करताय, तर मी एक रेघ आखते. चेन ब्रेकचा पट्टा, त्याची स्प्रिंग, तुटलेली साखळी अडवणारा चेन कॅचर, चालू-बंद करायचा स्विच, थ्रॉटलचं लॉक, हँडलच्या कंपनविरोधी स्प्रिंगा. यांतला एकही भाग घरी करायचा नाही आणि काढून टाकून यंत्र चालवायचंही नाही. हे भाग माणूस चुकतो त्या क्षणासाठी असतात. त्यांची परीक्षा प्रत्यक्ष अपघातातच होते, आणि त्या क्षणी पाण्याची नळी कामाला येत नाही.

मामा : ही रेघ माझीही आहे. मी औजार करतो, भाग करत नाही. औजार यंत्र उघडून परत बाजूला होतं. भाग यंत्राबरोबर धावत राहतो, तेही माझ्या हातात नसताना, दुसऱ्या कुणाच्या तरी चेहऱ्याजवळ. हा फरक आमच्या टूलरूममध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवत.

भाची : आणखी एक विचारू? तुम्हाला असं वाटतं का, की मोठ्या कंपन्या मुद्दामच खास औजारांची अट घालतात, म्हणजे मिस्त्रीला दरवेळी त्यांच्याकडे जावं लागेल?

मामा : कधी कधी तसं होतं. कार्बोरेटरच्या स्क्रूला विचित्र आकाराचं डोकं असतं, त्याचा पेचकस सर्रास मिळत नाही. कारण धुराच्या नियमांचं सांगतात आणि ते खरंही आहे. पण अडचण होते ती दुरुस्ती करणाऱ्याचीच. हा प्रश्न एकट्या जबलपूरचा नाही. आपल्याच केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठी पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारंही धरली आहेत. अमेरिकेत ट्रॅक्टरच्या दुरुस्तीवरून शेतकऱ्यांनी इतका आवाज उठवला, की जॉन डिअरला २०२३ मध्ये तिथल्या एका शेतकरी संघटनेबरोबर लेखी समझोता करावा लागला. विकत घेतलेलं यंत्र उघडायचा हक्क मालकाला आहे, असं मी मानतो.

भाची : हक्क मीही मानते. पण हक्काबरोबर माहितीही हवी. औजाराची मापं, आट्यांची दिशा, दाबाचे आकडे कंपनीने उघड केले तर मिस्त्रीला अंदाज बांधावा लागणार नाही. घरचं औजार अडाणी होतं ते बऱ्याचदा माहिती लपवल्यामुळे.

मामा : हे तू माझ्यापेक्षा चांगलं मांडलंस. आणि आज ज्या साखळीची आपण एवढी काळजी करतोय, ती कुठून आली? ओरेगॉनमधला जोसेफ कॉक्स हा जंगलात लाकूड तोडणारा माणूस. जुन्या साखळीला सारखी धार काढून तो कंटाळला होता. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी बुंध्यात डावी-उजवीकडे कशी कापत जाते ते त्याने पाहिलं आणि त्या जबड्यासारखे दात असलेली साखळी बनवली. १९४७ मध्ये ती विकायला लागला. आज जगभर चालणारी साखळी एका कामगाराच्या घरच्या खटपटीतून आली.

भाची : तीच गोष्ट पूर्ण करते. कॉक्सने साखळी बनवली आणि पुढे साखळ्यांचे कोन, त्यांच्या दुव्यांमधलं अंतर म्हणजे पिच, त्यांची कानस हे सगळं ठरत गेलं. म्हणून कुंडमचा मिस्त्री आणि कॅनडाचा मिस्त्री आज एकाच आकड्याने धार काढू शकतात. खटपट एकाची होती. माप सगळ्यांचं झालं तेव्हा ती जगाच्या उपयोगी पडली.

मामा : म्हणजे आपण दोघं एकाच जागी आलो.

भाची : आलो, पण माझी एक अट आहे. तुमचा पुलर, तुमचा दोन पिनांचा पाना, तुमची पाण्याची नळी हे सगळं तुमच्या डोक्यात आहे. त्याचा कागद कुठेय? टूलरूममध्ये प्रत्येक जिगचं ड्रॉइंग असायचं ना?

मामा : असायचं. ड्रॉइंगशिवाय लेथला हात लावायची परवानगी नव्हती.

भाची : मग घरच्या औजाराचंही करा. पट्टीची जाडी, भोकांचं अंतर, कुठलं स्टील, कुठल्या रंगावर टेम्पर केलं, कशाशी ताडून पाहिलं, कुठल्या कामाला वापरायचं नाही. हे लिहिलं की ते तुमच्यानंतरही शिकवता येईल, आणि त्यातली चूक दुसऱ्या कुणाला दुरुस्त करता येईल.

मामा : उद्याच वही आणतो.

संवाद इथे थांबवतो आणि माझं मत सांगतो, कारण दोघांनाही बरोबर म्हणून बाजूला होणं मला पटत नाही. घरी औजार करणं हे दुरुस्तीचं शिक्षण आहे, असं मी मानतो, आणि ते सोडून देणं म्हणजे जबलपूरसारख्या शहराने आपली सगळ्यात मोठी कमाई सोडून देणं. या शहरात टूलरूममध्ये आयुष्य घालवलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या हातात जे आहे ते कुठल्या पुस्तकात नाही. पण भाचीचा आक्षेप डावलून ही कौशल्यं टिकणार नाहीत. ज्या औजाराला बाहेरचं माप लावलेलं नाही, ते कितीही हुशारीने केलेलं असो, त्यावर विश्वास टाकू नये.

म्हणून औजार करायला बसण्याआधी प्रत्येक मिस्त्रीने तीन प्रश्न विचारावेत. हे औजार फसलं तर काय बिघडेल? नुसता स्क्रू गेला तर खुशाल करा. पिस्टन किंवा क्रँककेस जाणार असेल तर आधी भंगारातल्या इंजिनवर चालवून पाहा. माणसाला इजा होणार असेल तर करू नका, विकत आणा. दुसरा प्रश्न, हे खरं आहे हे मी कशाशी ताडून पाहिलं? पाण्याची नळी, मायक्रोमीटर, तपासलेला गेज, काहीतरी असं हवं जे माझ्या मर्जीवर चालत नाही. तिसरा प्रश्न, मी हे लिहून ठेवलं का?

हे तिन्ही प्रश्न आयटीआयच्या वर्गात शिकवण्यासारखे आहेत. फिटर आणि मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांना वर्षभरात एक औजार स्वतः बनवायला लावावं, त्याचं ड्रॉइंग काढायला लावावं, ते दुसऱ्या विद्यार्थ्याकडून तपासून घ्यावं. निवृत्त टूलरूम कामगारांना तिथे परीक्षक म्हणून सन्मानाने बोलवावं. चेन सॉ हे त्यासाठी उत्तम यंत्र आहे. ते बाकावर मावतं, त्यात टू-स्ट्रोक इंजिन आहे, डावे आटे आहेत, दाब आहे, धार आहे आणि चुकीला माफी नाही. त्यावर शिकलेला मुलगा किंवा मुलगी पुढे पंप, मोटरसायकल, फवारणी यंत्र, काहीही उघडू शकेल. पुढच्या वळवाच्या वादळात रस्ता मोकळा करणारं यंत्र वेळेवर सुरू व्हायचं असेल, तर जबलपूरने ही तयारी कोरड्या दिवसांतच करायला हवी.